मॅडम, डावीकडे बघा

मॅडम,

श्रीकांतदादांचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. आमच्या ज्युनिअर कॉलेजचा शिपाई निरोप द्यायला आला आणि दारातच थांबला. एरवी तो सरळ टेबलापर्यंत येऊन कानाशी लागतो. त्या दिवशी आत आला नाही, त्यावरूनच मी समजले. ऑफिसात जाऊन रिसीव्हर उचलला. तुमचे भाऊ एवढंच म्हणाले, "शैला, मृणाल गेली. पहाटे. शांतपणे गेली." त्या शेवटच्या दोन शब्दांवर माझा विश्वास बसला नाही. तुम्ही कुठलीही गोष्ट शांतपणे केलेली मी कधी पाहिली नव्हती.

मुंबईला पोचले तोवर सगळं उरकलं होतं. तुमची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. वहिनींनी चहा दिला, तो घेतला आणि परतीची एसटी धरली. कशेडी घाटात शेजारची बाई म्हणाली, "काय गो, बरं नाय काय?" तेव्हा कळलं की मी मघापासून तोंडातल्या तोंडात तुमच्याशी बोलत होते. खरं सांगायचं तर भांडत होते. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. तुमच्या बाजूचं शेवटचं वाक्य बोलून झालंय, माझं राहिलंय.

नव्व्याण्णव साली मी तुमच्याकडे आले. संगमेश्वरच्या आतल्या अंगाला आमचं गाव, शिकायला म्हणून रत्नागिरीत मामाकडे राहायचे. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका संस्थेच्या जुन्या इमारतीत तुम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. परदेशातली चांगली जागा सोडून ही बाई खेकड्यांचे डोळे बघायला इथे का आली, हे कुणालाच उमगत नव्हतं. संसार मोडला असेल, असं काहीजण म्हणत. तुम्ही तर लग्नच केलं नव्हतं.

माझी बी.एस्सी.ची गुणपत्रिका तुम्ही उघडलीसुद्धा नाही.

"खेकडा खातेस?"

"हो."

"साफ स्वतः करतेस?"

"आई करते. मी नांग्या मोडते."

"सोमवारपासून ये."

घरी सांगितलं तर आईचा भाकरी थापता थापता हात थांबला. "कुर्ल्यांचे डोले बघायचा पगार मिलतो?" पुढे एकदा तुम्ही आमच्या गावी आलात, तेव्हा तिने तुमच्या पानात घावणे वाढत थेट विचारलं होतं, "बाई, तुम्ही कुर्ल्या खात नाय, मग मारता कशाला?" तुम्ही हातातला घास खाली ठेवलात. आठवड्याने चिमट्याला धार लावता लावता मध्येच म्हणालात, "तुझ्या आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही गं. शोधतेय."

आपले खेकडे खाण्यातले नव्हतेच. खाडीच्या चिखलावर हजारोंनी असतात, अंगठ्याच्या पेराएवढे, नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी. ओहोटीला बिळाबाहेर येऊन ती नांगी हलवत बसतात, आणि वरून घारीची नुसती सावली सरकली की सगळा चिखल रिकामा. तुमचा प्रश्न तिथून सुरू व्हायचा. घार आली, हे त्यांच्या मेंदूतल्या कुठल्या पेशीला कळतं? आणि कळल्यापासून पळेपर्यंत मधे काय घडतं?

त्या प्रश्नापायी मी काय काय शिकले! खेकड्याला बर्फात ठेवून बधिर करायचं, पाठीला मेणाने दांडी चिकटवायची, काचेची नळी तापवून ओढायची आणि केसाहून बारीक टोक काढायचं. तांब्याच्या जाळीच्या पिंजऱ्यात खेकडा, पायांखाली थर्माकोलचा हलका गोळा, मेंदूत ती काचेची सुई, भोवती काळा पडदा. तारेच्या टोकाला लावलेला काळा चेंडू मी समोरून त्याच्याकडे न्यायचा. पेशीचा आवाज स्पीकरवर यायचा. आधी एखाददुसरी टिचकी. चेंडू जवळ येऊ लागला की तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट. आणि चेंडू अगदी अंगावर आला की एकदम गप्प. त्या गप्प होण्याची मला कधी सवय झाली नाही.

बहुतेक खेकडे त्या क्षणी धावायला लागत, पायांखालचा गोळा गरगरा फिरे. पण काहींचा गोळा फिरतच नसे. पेशी जिवाच्या आकांताने ओरडतेय, डोळ्यांना सगळं दिसतंय, आणि प्राणी जागचा हलत नाही. तुम्ही पडद्याला डोकं लावून त्याच्याकडे बघत राहायचात.

"याला दिसतंय, शैला. मग हा थांबलाय कशासाठी?"

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर सुरुवात झाली. म्हणजे माझ्या लक्षात तेव्हा आलं. खेकड्यांच्या बरण्यांवर मी आकडे लिहून चिकटवायचे आणि तुम्ही वाचून सांगायचात. एके दिवशी सत्तावीसला तुम्ही सात म्हणालात. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग चौतीसला चार म्हणालात. मी म्हटलं, "मॅडम, चौतीस." तुम्ही बरणी हातात घेतलीत, मान थोडी वळवलीत आणि म्हणालात, "हो की."

मग डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटू लागला. एकदा, दोनदा, मग रोज. "ह्या जुन्या इमारतींची दारंच अरुंद," असं म्हणत तुम्ही खांदा चोळायचात. दार तेच होतं. सकाळी डोकं दुखायचं आणि ओकाऱ्या काढून तुम्ही पांढऱ्याफटक चेहऱ्याने कामाला बसायचात. एका दुपारी चहा पिताना हसत म्हणालात, "आज गंमतच झाली. भर दुपारी काजवे दिसले. हिरवे-तांबडे. इकडे, डावीकडे." आणि कप खाली ठेवलात. टेबलाची डावी कड जिथे संपत होती, त्याच्याही पलीकडे ठेवलात. कप फुटला. आपण दोघी खाली बघत राहिलो. तुम्ही हसायच्या थांबलात.

त्यानंतर कित्येक दिवस आपण त्याबद्दल बोललो नाही. मी मात्र तुमच्याकडे बघत राहिले. बघायचं कसं, हे तुम्हीच शिकवलं होतं. प्राण्याला काय दिसतं हे त्याला विचारता येत नाही, तो कशाला चुकवतो आणि कशावर आदळतो ते बघायचं. तुम्ही उजवीकडून आलेल्या माणसाला चुकवत होतात. डावीकडून आलेल्यावर आदळत होतात.

जानेवारीत, कामाला सुरुवात करण्याआधी, मी चेंडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. तुम्ही विचारलंत, "काय झालं?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, चेंडूकडे पाहिलंत, आणि खुर्ची ओढून पिंजऱ्यासमोर बसलात.

"चल. आज खेकड्याच्या जागी मी."

समोरच्या भिंतीवरच्या खिळ्यावर तुम्ही नजर रोखलीत. मी उजवीकडून चेंडू आणला. "दिसला," तुम्ही लगेच म्हणालात. डावीकडून आणला. तुम्ही गप्प. मी आणत राहिले. कानाच्या पुढे, गालाच्या पुढे, जवळजवळ नाकासमोर.

"आणतेयस ना?"

"आणलाय, मॅडम."

नाकाच्या रेषेवर आला तेव्हा तुम्ही दचकलात. "दिसला."

मग तुम्ही एक डोळा झाकलात, "पुन्हा." मग दुसरा झाकलात, "पुन्हा." दोन्ही वेळा तेच. खुर्चीतच वळून तुम्ही मला विचारलंत, अगदी तोंडी परीक्षा घेतल्यासारखं, "एकाच डोळ्याचं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"डोळ्याचा आजार."

"आणि दोन्ही डोळ्यांची एकच बाजू गेली असेल तर?"

मला उत्तर येत होतं. मी दिलं नाही.

"तर डोळे चांगले आहेत," तुम्हीच म्हणालात. उजवा हात डोक्याच्या मागे नेऊन केसांवरून बोटं फिरवलीत. "इथे. उजवीकडे, अगदी मागे. काहीतरी बसलंय." आणि घड्याळाकडे बघून, "चल, ओहोटी वाया जाईल."

मी रडायला लागले, तर तुम्ही रागावलात. मुंबईला चला, आजच चला, असं मी म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "दोन महिने. होळीपर्यंत. न पळणाऱ्या खेकड्यात त्याला थांबवणारी दुसरी पेशी आहे, मला खात्री आहे. थोडीच नोंद राहिलीय. मग तू म्हणशील तिथे येते."

"तोवर काही झालं तर?"

"तोवर कुणाला सांगायचं नाही. दादाला तर मुळीच नाही."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण तोंडातून एक वाक्य निसटलं. "तुम्ही त्या खेकड्यासारखंच करताय. सगळं दिसतंय आणि जागच्या हलत नाही."

मला वाटलं, आता नोकरी गेली. तुम्ही मात्र म्हणालात, "खेकडा पळतो तो बिळाकडे. माझं बीळ हेच आहे, शैला. मी इथून पळून कुठल्या बिळात जाऊ?"

त्या दोन महिन्यांतला एकेक दिवस माझ्या अंगावर आहे. तुम्ही मोपेड सोडायला तयार नव्हतात. मी मागे बसायचे आणि तुमची डावी बाजू व्हायचे. "मॅडम, डावीकडे बघा, बैल." "डावीकडे कडेला बाई आहे." "डावीकडे गटार." खाडीकडच्या उतारावर माझे हात तुमच्या खांद्यावर असत. तुम्हाला वाटे मी धरून बसलेय; मी देवाचं नाव घेत असायचे. एका संध्याकाळी शाळेतून सुटलेल्या पोरी डाव्या कडेने चालल्या होत्या. मी ओरडले तेव्हा त्यांच्या दप्तरांचा वारा गुडघ्याला लागला. तुम्ही गाडी थांबवलीत. उतरून किल्ली काढून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आजपासून रिक्षा." एवढंच.

काम मात्र झपाट्याने चाललं होतं. लाइट जायची, हवेचे पंप बंद पडायचे, मी सायकलच्या पंपाने टाक्यांत हवा भरायचे. तुम्ही आकडे वाचत नव्हतात, मी वाचून दाखवायचे. पण स्पीकरचा आवाज तुम्ही असा ऐकायचात की मला भीती वाटायची. डोळे मिटून, मान तिरकी करून. एकदा तडतडाटाच्या आतून दुसरा, जाडसर, संथ ठोका आला. तुम्ही माझं मनगट पकडलंत. "ऐकलंस? ही. ही त्याला थांबवतेय." लगेच लाइट गेली. लाइट आली तेव्हा खेकडा मेलेला होता. पुन्हा तो ठोका हाती लागायला हवा होता. तुम्ही जेवण सोडलंत, आणि उलट्या वाढल्या.

मग फाल्गुनातला तो दिवस. सुकतीला, पाणी ओसरल्यावर, आपण खाडीत उतरलो. बादली भरली तशी मी पुढे निघाले, भरती सुरू झाली होती. तुम्ही मागून येत होतात. चिखलातली वाट तुमच्या पायाखालची होती, डावीकडे पाण्याचा खोल चर, त्याला लागून सरळ काठापर्यंत. मी काठावर बादली ठेवून वळले. तुम्ही चरात होतात. मांड्यांपर्यंत चिखलात रुतलेल्या आणि भोवती भरतीचं पाणी गोल गोल फिरत चढत होतं. हाक नाही, आरडाओरडा नाही. दोन्ही हातांनी एक पाय ओढून काढायचा प्रयत्न करत होतात, जणू चप्पल अडकलीय.

मी धावले. चिखलावर पालथी पडले, ओढणी फेकली. "मॅडम, धरा!" ओढणी तुमच्या डाव्या हाताशी पडली होती. तुम्हाला ती दिसतच नव्हती. समोर बघत तुम्ही उजव्या हाताने पाणी चाचपत होतात. "डावीकडे! मॅडम, डावीकडे बघा!" पाणी कमरेवर आलं तेव्हा तुम्ही मान वळवलीत. मग मी ओढत राहिले, तुम्ही चिखलावर आडव्या झालात, आणि कसं कोण जाणे, निघालात.

काठावर पडल्या पडल्या मी ओरडले, "हाक का मारली नाहीत?"

श्वास लागला होता तुम्हाला. "हाक मारली असती तर तू बादली टाकली असतीस."

तुमचं उत्तर ऐकून मी हसले, मॅडम. आजही आठवलं की हसू येतं. पण तेव्हाच मला कळलं की तुम्ही थांबणार नाही. होळी येईल, जाईल, आणि तुम्ही म्हणाल, अजून थोडंच राहिलंय.

तुम्हाला घरी सोडून मी तशीच, चिखलाच्या कपड्यांनी, नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरले. श्रीकांतदादांचा नंबर मला पाठ होता. सगळं सांगितलं. चेंडूचं, कपाचं, चराचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी दारात उभी. तुम्ही प्रयोगाला बसला होतात. दादांना दारात बघून तुम्ही त्यांच्याकडे पाहिलं नाहीत, माझ्याकडे पाहिलंत. सुई बाहेर काढलीत, खेकडा हळूच सोडवून पाण्यात ठेवलात.

"मला सांगून फोन करायचास."

"सांगितलं असतं तर करू दिला नसतात."

"तेच म्हणतेय मी."

गाडीत बसताना तुमचं डोकं डावीकडच्या दाराला आपटलं. मी हात पुढे केला, तो तुम्ही बाजूला सारलात. काच खाली करून म्हणालात, "सगळे खेकडे सोडून दे. आजच." मी सोडले. चिखलावर ठेवल्याबरोबर ते जिकडे बीळ दिसेल तिकडे पळाले, आणि मी काठावर एकटी बसून राहिले.

मुंबईत डॉक्टरांनी गाठ काढली. म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. मी भेटायला आले तेव्हा सगळ्यांनी मला धन्यवाद दिले. दादांनी माझे हात हातात घेतले. तुम्ही पट्टी बांधलेलं डोकं भिंतीकडे वळवलंत. डावी बाजू परत आली नाही, ती येणारच नव्हती, हे तुम्हाला डॉक्टरांच्या आधी माहीत होतं. प्रकल्प बंद झाला. यंत्रं खोक्यांत भरून गेली. तो दुसरा ठोका पुन्हा कुणी ऐकला नाही.

बरेच महिने तुमचा माझ्याशी अबोला होता. मग एका रविवारी मामाच्या घरचा फोन वाजला. ना कशी आहेस, ना काही. "एम.एस्सी.चा फॉर्म भरलास?" मी नाही म्हटलं. "भर. आणि दर रविवारी दहा प्रश्न काढून ठेव." त्या फोनवर तुम्ही मला शिकवलंत. पुस्तक तुम्हाला वाचता येत नव्हतं, ओळीची सुरुवातच हरवायची. सगळं डोक्यातून. मी चुकले की तुम्ही पूर्वीसारख्याच करवादायचात आणि मला बरं वाटायचं. मी पास झाले, नोकरी लागली. पेढे घेऊन आले तर म्हणालात, "दुसऱ्या पेपरात इतके कमी का?" बाहेरच्या खोलीत वहिनी मला म्हणाल्या, रविवारी सकाळपासून ती फोनच्या शेजारी बसून असते.

पण त्या दिवसाबद्दल आपण एकदाही बोललो नाही. गाठ परत आली, तेव्हासुद्धा नाही.

शेवटची भेटले ती गेल्या महिन्यात. मी तुमच्या उजव्या हाताला खुर्ची घेतली, म्हणजे तुम्हाला मी दिसेन. चेहरा सुजला होता, आवाज मात्र तोच. कॉलेजचं विचारलंत, आईचं विचारलंत. आईचा प्रश्न अजून डोक्यात आहे म्हणालात. मग एकदम, काही मागचापुढचा संबंध नसताना:

"सगळे म्हणतात, शैलाने तुला चार वर्षं दिली. मला दोन महिने हवे होते."

मी काही बोलणार तेवढ्यात वहिनी औषध घेऊन आल्या. औषध घेऊन तुम्हाला झोप लागली. परतीची गाडी होती, मी निघाले.

त्या वाक्यावर मी महिनाभर विचार केला. ते खोटं नव्हतं. तुमच्या आयुष्याचा हिशोब तुमचा, तो मी माझ्या हाताने बदलला आणि तुम्हाला विचारलं नाही. त्या चार वर्षांत माझाच फायदा झाला, हेही खरं. तुम्ही मला घडवलंत आणि तुमचा ठोका मात्र हरवला. हे सगळं मला कबूल आहे.

पण मी काठावरून वळले तेव्हा तुम्ही चरात होतात, मॅडम. पाणी चढत होतं आणि तुम्ही हाक मारत नव्हतात. न पळणारा खेकडा का थांबतो, हे तुम्ही शोधत होतात, शोधायलाच हवं होतं. मी शास्त्रज्ञ नव्हते. मी तुमच्या मागे बसणारी मुलगी होते. मला तुम्ही हव्या होतात.

म्हणून माझं वाक्य आता सांगते. उद्या पुन्हा तोच दिवस आला, तर मी तशीच चिखलाच्या कपड्यांनी बूथमध्ये शिरेन आणि तोच नंबर लावीन. तुम्हाला न विचारता. तुम्ही पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवाल, पुन्हा महिनोन्‌महिने बोलणार नाही.

रागवा, मॅडम. मी फोन लावणारच.

तुमची,
शैला